हेक्स खेळायला शिका: चौकटीची वही, दोन रंगांची पेनं आणि अर्धा तास

हेक्स हा दोघांनी पटावर खेळायचा खेळ, आपले समोरासमोरचे दोन काठ दाण्यांच्या साखळीने आधी जोडेल तो जिंकला. त्याचे नियम सांगायला दोन मिनिटं लागतात आणि खरा घोळ तिथेच होतो. नियम कळले म्हणजे खेळ कळला असं वाटतं, मग नवीन माणूस सुरुवातीचे डाव असे हरतो की आपण नेमके कुठे हरलो तेच त्याला कळत नाही, समोरचा नुसता हसत असतो, आणि मग "काय बोअर गेम आहे" म्हणून विषय संपतो. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. घरी भाच्यांना आणि ऑफिसात लंच टाइमला लोकांना ज्या क्रमाने शिकवतो तोच क्रम इथे ठेवलाय. मधल्या पायऱ्या गाळू नका, खासकरून चौथी, ती तर अजिबात नाही.

फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशीब नाही, लपवलेलं काही नाही. दोघांना सगळं दिसतंय आणि तरी एकाला दिसत नाही, एवढाच फरक.

१. सामान काय लागतं

- गणिताची चौकटीची वही (किंवा षटकोनी घरांचा छापलेला कागद, प्रिंटर असेल तर)
- दोन रंगांची पेनं, लाल आणि निळं
- परत परत खेळायचं असेल तर कागद लॅमिनेट करून घ्या आणि दोन प्रकारचे दाणे ठेवा, राजमा आणि काबुली चणे मस्त चालतात, दोन्ही ४०-५० असू द्या

कॅरमच्या सोंगट्या पुरत नाहीत, रंगाच्या नऊ-नऊच असतात. आणि शेंगदाणे घेऊ नका, डाव संपेपर्यंत शिल्लक राहत नाहीत.

२. पट आखणे

खरा पट षटकोनी घरांचा असतो, एका रांगेत ११ घरं आणि अशा ११ रांगा, म्हणजे १२१ घरं. प्रत्येक खालची रांग अर्धं घर उजवीकडे सरकलेली असते त्यामुळे एकूण आकार तिरका, समभुज चौकोनासारखा दिसतो.

षटकोनी कागद नसेल तर चौकटीच्या वहीत ११ बाय ११ चा चौकोन आखा आणि एक गोष्ट ठरवा: घराचे शेजारी म्हणजे वरचं, खालचं, डावं, उजवं, आणि फक्त दोन तिरपे, वर-उजवीकडचं आणि खाली-डावीकडचं. बाकीचे दोन तिरपे शेजारी नाहीत. झाले सहा शेजारी, म्हणजे षटकोनच झाला की. पटाच्या बाजूला "／" अशी मोठी तिरपी रेघ मारून ठेवा, नाहीतर डाव रंगात आला की कोणती तिरपी चालते यावर वाद होणार म्हणजे होणारच.

वरून आडव्या रांगांना १ ते ११ आकडे द्या, डावीकडून उभ्या रांगांना ए ते के. म्हणजे बरोब्बर मधलं घर एफ६. पुढे हेच पत्ते वापरणार आहे, तर वही समोर ठेवूनच वाचा.

३. नियम

लालने वरचा काठ खालच्या काठाला जोडायचा. निळ्याने डावा काठ उजव्या काठाला जोडायचा. आळीपाळीने प्रत्येकाने कुठल्याही रिकाम्या घरात आपला एक दाणा ठेवायचा. ठेवलेला दाणा हलत नाही, मरत नाही, उचलायचा नाही. शेजारशेजारच्या घरांची सलग साखळी ज्याची आधी पूर्ण होईल तो जिंकला, साखळी कितीही वाकडीतिकडी असली तरी चालते. चारही कोपऱ्यांची घरं दोघांच्या काठात मोजतात.

डाव बरोबरीत सुटत नाही, कधीच. चौकोनी घरांत चार घरं एका बिंदूला टेकतात म्हणून समोरासमोरचे दोन रंग एकमेकांना अडकवून बसू शकतात, षटकोनात एका बिंदूला तीनच घरं येतात, अडकायला जागाच नाही. पूर्ण पट भरला तरी एकाची साखळी झालेली असतेच आणि दोघांची एकदम होऊ शकत नाही. याचाच अर्थ असा की समोरच्याला पूर्णपणे अडवलंत तर तुमची साखळी आपोआप झालेली असते. अडवणं आणि जोडणं ही इथे दोन कामं नाहीत, एकच काम आहे. हे वाक्य आत्ता नुसतं वाचून सोडलंत तरी चालेल, पायरी ८ ला परत लागेल.

हा खेळ डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी १९४२ मध्ये पोलितिकेन या वर्तमानपत्रातून लोकांसमोर आणला, आणि पुढे १९४८ च्या सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन नॅश यांना तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला (हो तेच, १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले). १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो हेक्स या नावाने बाजारात आणला.

४. पहिला डाव ५ बाय ५ वर खेळा

एकदम ११ वर उडी मारू नका. आधी ५ बाय ५ चा पट काढा, ए ते ई आणि १ ते ५, आणि मुद्दाम हे करून बघा: लालने पहिला दाणा मधोमध सी३ वर ठेवायचा. निळा आता काहीही करू दे, लाल जिंकतो. कसं ते सांगतो, हे नीट समजलं तर अर्धा हेक्स समजला.

सी३ वरून खालच्या काठाला जायचे लालकडे दोन प्लॅन आहेत.

पहिला प्लॅन डी४. डी४ हे सी३ ला चिकटलेलं नाही पण दोघांच्या मध्ये डी३ आणि सी४ अशी दोन सामाईक घरं आहेत, निळ्याने एक घेतलं की लाल दुसरं घेतो. आणि डी४ ला काठावर सी५ आणि डी५ अशी दोन घरं आहेत, तिथेही तेच, एक तुझं तर दुसरं माझं.

दुसरा प्लॅन बी४. हे सी३ ला थेट चिकटून आहे, आणि त्याला काठावर ए५ आणि बी५ ही दोन घरं.

आता बघा, पहिल्या प्लॅनची घरं आणि दुसऱ्याची घरं यात एकही सामाईक नाही. त्यामुळे निळा एका चालीत दोन्ही प्लॅन मोडूच शकत नाही. त्याने डी३, सी४, डी४, सी५, डी५ यातलं काही घेतलं तर लाल बी४ खेळतो. त्याने बी४, ए५, बी५ यातलं घेतलं तर लाल डी४. वरच्या बाजूला हेच उलटं करून लावा, तिकडचे प्लॅन म्हणजे बी२ (मधली घरं बी३ आणि सी२, काठावर बी१ आणि सी१) आणि चिकटून डी२ (काठावर डी१ आणि ई१). वरची घरं खालच्यात मिसळत नाहीत, म्हणून निळा जिकडे खेळेल तिकडेच उत्तर द्यायचं, बास.

हे दोन-चार वेळा आलटून पालटून खेळा, एकदा लाल होऊन, एकदा निळे होऊन. निळ्याकडून खेळताना वैताग येतो पण शिकायला तिथेच मिळतं.

५. स्वॅपचा नियम, हा विसरू नका

आत्ता बघितलं की पहिली चाल करणाऱ्याला केवढा फायदा आहे. मोठ्या पटावरही तसंच, परफेक्ट खेळलं तर पहिला खेळाडूच जिंकतो हे नॅश यांनी सिद्ध केलं. गंमत म्हणजे जिंकायचं कसं हे त्या सिद्धतेतून कळत नाही, फक्त जिंकतो एवढंच कळतं. युक्तिवाद साधारण असा: समजा दुसऱ्याकडे हमखास जिंकायची पद्धत आहे, मग पहिल्याने कुठेतरी एक दाणा ठेवून तीच पद्धत चोरायची, हेक्समध्ये जास्तीचा दाणा कधीच नडत नाही, म्हणजे तोही जिंकणार, आणि दोघंही तर जिंकू शकत नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी ९ बाय ९ पर्यंतच्या सगळ्या पहिल्या चालींचा निकाल कॉम्प्युटरवर लावलाय, पण ११ बाय ११ अजून कुणाला पूर्ण सुटलेला नाही, त्यामुळे काळजी नको, खेळात अजून दम आहे.

तरी फायदा तो फायदाच. म्हणून नियम असा: पहिल्याने एक दाणा ठेवला की दुसरा म्हणू शकतो "स्वॅप", म्हणजे बाजू बदलायची, तो दाणा आणि तो रंग आता त्याचा. त्यामुळे पहिला माणूस मुद्दाम मध्यम चाल करतो, फार भारी नाही आणि फार फालतू पण नाही.

इथली नेहमीची फसगत म्हणजे स्वॅप चालू असताना पहिली चाल एफ६. समोरच्याला थोडं कळत असेल तर तो लगेच स्वॅप म्हणणार आणि तुम्ही डाव सुरू व्हायच्या आधीच गाळात. मधल्या भागापासून लांबचं, काठाजवळचं एखादं घर घ्या. आणि तुम्ही दुसरे असाल तर सोपा हिशेब: पहिला दाणा मधल्या भागात असेल तर स्वॅप घ्या, एकदम काठावर अणकुचीदार कोपऱ्यात (वहीतल्या पटावर ए१ किंवा के११) असेल तर घेऊ नका.

६. ब्रिज

पायरी ४ मधलं सी३ आणि डी४ चं नातं आठवा. एकमेकांना न चिकटलेले पण दोन सामाईक रिकामी घरं असलेले दोन दाणे, याला ब्रिज म्हणतात. तो जोडलेलाच धरायचा. एफ६ वरून सहा ब्रिज निघतात: जी४, एच५, जी७, ई८, डी७, ई५. हे सहा पेन्सिलने वहीत खुणा करून डोळ्यात बसवा, पुढे हे मोजायला लागू नये, दिसायला पाहिजेत.

लालसाठी सगळ्यात लांब उडी म्हणजे सरळ खालची ई८ आणि सरळ वरची जी४, एका चालीत दोन रांगा पार. त्याचा हिशेब बघा: एफ६, ई८, डी१०, जी४, एच२. फक्त पाच दाणे. ११ रांगांचा पट आणि पाच दाण्यांत वरपासून खालपर्यंत काम झालं, कारण मधले सगळे ब्रिज आहेत आणि डी१० ला खाली सी११ आणि डी११, एच२ ला वर एच१ आणि आय१ अशी दोन-दोन घरं आहेत. अर्थात निळा काय झोपलेला नसतो, सलग पाच चाली कोण देणार. पण नवीन माणूस एफ६, एफ७, एफ८ असं एकेक घर चिकटून चिकटून जातो त्याच्या दुप्पट वेगाने हे चालतं, म्हणून चिकटून खेळायची सवय पहिली मोडा.

ब्रिजच्या दोन भानगडी:

एक, निळा ब्रिजमध्ये घुसला तर आधी दुसरं घर घेऊन उत्तर द्या. "बघू नंतर" केलं की ब्रिज गेला. मात्र उत्तर द्यायच्या आधी एक सेकंद बघा की तो का घुसला, बऱ्याचदा त्याला त्या घुसण्यातून फुकटात एक दाणा हव्या त्या जागी मिळत असतो आणि खरा डाव दुसरीकडेच असतो.

दोन, एकच घर दोन ब्रिजमध्ये मोजू नका. एफ६ ते जी७ ब्रिजची घरं जी६ आणि एफ७, आणि एफ६ ते एच५ ची घरं जी६ आणि जी५. जी६ दोन्हीकडे आहे. निळ्याने जी६ खेळला की दोन्ही ब्रिजवर एकदम घाव, तुम्ही एकच वाचवणार. बहुतेक "अरे जोडलेलं होतं की, तुटलं कसं" या तक्रारीमागे हेच कारण निघतं.

७. काठापर्यंत पोचणं

काठापासून दुसऱ्या रांगेतला दाणा काठाला जोडलेला आहे असं समजा, त्याची काठावरची दोन घरं रिकामी असतील तर.

तिसऱ्या रांगेतलाही जोडलेला असतो, जागा असेल तर. किती जागा, तर तिसऱ्या रांगेत त्या दाण्याचं घर धरून २ घरं, दुसऱ्या रांगेत ३ आणि काठावर ४. पायरी ४ मध्ये सी३ चा खालचा भाग मोजून बघा: सी३ डी३, मग बी४ सी४ डी४, मग ए५ ते डी५. तोच आकार. मोठ्या पटावर ई९ ला दाणा असेल तर तोच आकार ई९ एफ९, डी१० ई१० एफ१०, सी११ ते एफ११ असा बसतो. आकार ओळखायला आला की तिथे एकही जास्तीची चाल खर्च करायची नाही. काठाशी जोडलेल्या दाण्याला अजून "पक्का" करत बसणं ही नवीन लोकांची सगळ्यात महाग सवय आहे, तेवढ्यात समोरचा मधल्या भागात एक चाल पुढे गेलेला असतो.

चौथ्या रांगेपासून वरचं सगळं "बहुधा" या वर्गात टाका, त्यासाठी खूपच मोकळी जागा लागते.

८. अडवायचं कसं

इथे सगळे चुकतात. लालचा दाणा एफ६ ला आहे, त्याला खाली जायचंय, निळा घाबरून त्याच्या नाकासमोर एफ७ ला दाणा ठेवतो. लाल शांतपणे ई७ खेळतो, निघून गेला. निळा परत चिकटून ई८, लाल डी८. निळा प्रत्येक वेळी एक पाऊल मागेच. कबड्डीत रेडरच्या अंगावर धावून जाणारा जसा आधी आउट होतो तसंच, लांब राहून कोपऱ्यात घ्यायचं असतं.

म्हणून अडवायचं ते दोन-तीन रांगा पुढे, त्याच्या सरळ वाटेच्या जरा बाजूला, आणि शक्यतो अशा घरात जिथून तुमच्या आधीच्या दाण्यांना ब्रिज बसतो. इथे पायरी ३ मधलं ते वाक्य लागतं. अडवणारा दाणा तुमच्या डाव्या-उजव्या काठाकडे जोडला जात नसेल तर त्याने काही अडवलं जात नाही, लाल वळसा घालून जाणार. चाल करायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा: माझ्या सगळ्यात चांगल्या वाटेत सगळ्यात कच्चा सांधा कुठला, आणि त्याच्या वाटेत कुठला? पुष्कळदा दोन्हीचं उत्तर एकाच भागात येतं, कधी कधी तर एकच घर येतं. तीच चाल.

इलेक्ट्रिकल वाल्यांसाठी एक मजा: क्लॉड शॅनन (माहिती सिद्धांत मांडणारे अमेरिकन गणितज्ञ) यांनी १९५० च्या सुमारास हेक्स खेळणारं यंत्र बनवलं होतं ते असंच चालायचं, पट म्हणजे रेझिस्टरचं जाळं, दोघांचे दाणे म्हणजे वेगवेगळे व्होल्टेज, आणि जाळ्यात जिथे दोन्ही बाजूंची ओढाताण समसमान तिथे पुढची चाल. एवढं साधं असूनही ते बऱ्यापैकी खेळायचं.

९. लॅडर

ही पायरी जरा जड आहे पण याच्याशिवाय ११ च्या पटावर जिंकणं अवघड. समजा लालची साखळी वरून आली आणि ई१० ला पोचली, पण डी११ आणि ई११ दोन्ही निळ्याने घेतलेत. लाल एफ१० खेळतो, आता एफ११ मिळालं की जिंकला, म्हणून निळ्याला एफ११ घ्यावंच लागतं. मग लाल जी१०, निळा जी११. लाल एच१०, निळा एच११. असं दोघं काठाकाठाने पळत सुटतात, याला लॅडर म्हणतात.

असंच शेवटपर्यंत गेलात तर काय होतं? लाल के१०, निळा के११, आणि निळ्याची काठावरची अख्खी रांग उजव्या काठाला जाऊन टेकली. तुम्ही प्रत्येक चालीत त्याला एक फुकट दाणा दिलात. "चेक देतोय, चेक देतोय" या आनंदात हे लक्षातच येत नाही.

आता तोच लॅडर, पण आय१० ला आधीपासून लाल दाणा आहे आणि एच११ आणि आय११ रिकामी आहेत. एफ१०, एफ११, जी१०, जी११, आणि लाल एच१० खेळला की तो आय१० ला जोडला. आता एच११ किंवा आय११, दोन घरं, निळा एकच अडवणार. डाव संपला. त्या आय१० च्या दाण्याला एस्केप म्हणतात.

म्हणून लॅडर सुरू करायच्या आधी पुढे एस्केप आहे का बघा. नसेल तर आधी तो तयार करा, तोही अशा चालीने की समोरच्याला दुसऱ्याच कारणासाठी उत्तर द्यावं लागेल, नाहीतर तो बघतोच की तुम्ही तिकडे कशाला दाणा ठेवला. आणि तुम्ही निळे असाल तर त्याच्या संभाव्य लॅडरच्या वाटेत आधीच एक दाणा टाकून ठेवणं, जो तुमच्याही कामाचा आहे, यासारखी चाल नाही.

१०. पुढे कसं वाढायचं

५ वर स्वॅप लावून खेळा, मग ७, मग ९, मग ११. घाई करणाऱ्यांनी ९ वर तरी थांबा, तिथे लॅडर नीट दिसतो. स्पर्धेत आणि ऑनलाइन ११ नेहमीचा, १३ सुद्धा खूप चालतो, आणि नॅश यांची पसंती १४ ला होती.

ऑनलाइन खेळायला बोर्ड गेम अरेना आहे, आणि रोज एखाद-दुसरी चाल करत निवांत खेळायचं तर लिटल गोलेम. तिथली मंडळी पक्की आहेत, सुरुवातीला मार खाल, पण डाव साठवलेला राहतो. हरलेला डाव हेक्सवर्ल्ड या साइटवर चाल चाल करून परत मांडता येतो. मांडताना शेवटची चाल बघत बसू नका, ती तर कधीच हरलेली असते. मागे मागे जाऊन अशी चाल शोधा जिच्या आधी दोघांचंही जमू शकत होतं आणि जिच्या नंतर फक्त एकाचं, बहुतेक वेळा ती दहाव्या-बाराव्या चालीच्या आसपासच सापडते आणि तिथे कुणीतरी नाकासमोर चिकटून अडवलेलं असतं.

आणि डाव हरलाय हे दिसलं की सोडून द्या, त्यात कमीपणा नाही, ब्रिजची सगळी घरं शेवटपर्यंत भरत बसायला कुणी सांगितलं नाहीये. फक्त समोर नवीन माणूस असेल तर मात्र पूर्ण खेळा, कारण डाव कुठे संपला हे त्याला अजून दिसत नसतं.